भरलेली चावी

प्रिय अक्का,

पत्र बघून दचकू नकोस. इकडं सगळं ठीक आहे. दुकान चालू आहे, तुझी भावजय बरी आहे, तिचा गुडघा तिच्यासारखाच मधूनमधून बोलतो आणि मी दोघांचंही ऐकून घेतो. हे फोनवर सांगता आलं असतं. पण त्या खोलीचं नाव काढलं की तुझी भाजी करपायला लागते आणि तू फोन ठेवतेस. रोज कुणाची भाजी करपत नाही, अक्का. म्हणून शेवटी कागद घेतला. पत्रही तू बाजूला ठेवशील, पण बाजूला ठेवलेलं पत्र पुन्हा हातात घेता येतं, फोनचं तसं नाही.

खोली उघडली. "पत्रा तो पत्रा. घड्याळवाल्यांना दे, नाहीतर भंगारात घाल. मला विचारत बसू नकोस आणि एक डबाही माझ्याकडं पाठवू नकोस," असं तू लेकीकडं राहायला निघताना म्हणाली होतीस. भाडेकरू यायच्या आत खोली रिकामी व्हायला हवी हेही खरं. तर ते काम मी सुरू केलं आणि अर्ध्यावर थांबवलं. आज ती खोली धड भरलेलीही नाही आणि रिकामीही नाही. तू रागावशील, म्हणशील ह्याच्यावर एक काम सोपवायची सोय नाही. पण थांबलो ते तुझ्यासाठी, आळसानं नाही, एवढं धरून पुढं वाच.

तुझ्या मनात काय रुतून बसलं आहे ते मला माहीत आहे. तू एकदाच बोललीस, दाजी गेल्यावर थोड्याच दिवसांनी, भांडी पुसता पुसता, माझ्याकडं न बघता. म्हणालीस, खोलीतून त्यांच्या खेळण्यातल्या इंजिनाला चावी दिल्याचा आवाज येत होता, म्हणून तर मुद्दाम तेव्हाच हाक मारली. एकदा इंजिन सोडलं की हा माणूस उठायचा नाही, त्याआधीच जेवायला बोलवावं म्हणून. चांगली खणखणीत मारली. ते आले नाहीत, साधी ओही दिली नाही. तू चिडलीस, "राहा मग तिथंच" म्हणालीस आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या आधी जेवायला बसलीस. तू जेवत होतीस आणि भिंतीपलीकडं ते जमिनीवर पडलेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, क्षणात गेले, तू धावत गेली असतीस तरी काही उपयोग नव्हता. ते तुला पटलं. खुपलं ते वेगळंच. "माझ्या हाकेच्या आधी कायम त्या गाडीची फेरी. शेवटच्या दिवशीसुद्धा माझी हाक दुसरीच," असं तू म्हणालीस, हातातलं ताट फडताळात ठेवलंस आणि त्यानंतर त्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस.  तुला सांगण्यासारखं मला तेव्हा काही माहीतच नव्हतं.

त्या दिवशी दाजींना हलवल्यावर खोलीला कुलूप मी लावलं, ते तुला आठवत असेल. किल्ली माझ्या दुकानात, बटणांच्या डब्यात होती. मधल्या काळात आत कुणी गेलं नाही. कुलूप काढलं तर धुळीचा वास आला आणि त्याच्या मागोमाग त्यांच्या त्या पातळ तेलाचा. खिडकीतून उजेड रुळांवर पडला होता. रूळ खोलीभर तसेच पसरलेले, पलंगाखालून जाऊन, कपाटाला वळसा घालून परत स्टेशनात येणारे. स्टेशनात इंजिन उभं, मागं चार डबे. फळ्यांवर बाकीची इंजिनं ओळीनं, तोंडं सगळ्यांची एकाच दिशेला, जणू कुणी येणार म्हणून उभी आहेत. मी चपला बाहेर काढल्या. तसं करायची आता काही गरज नव्हती, पण त्या खोलीत चपला घालून जाणं मला आजवर जमलेलं नाही.

त्याला कारण आहे. शिवणकाम शिकायला मी तुझ्याकडं आलो तेव्हा मी खरी आगगाडी पाहिलेलीच नव्हती. गावच्या शाळेत गुरुजींनी फळ्यावर काढली होती तेवढीच. चाकं अंड्यासारखी होती, धूर मात्र फार सुरेख होता. गुरुजींनाही बहुधा आगगाडीतला धूरच पाठ होता. तुझ्याकडं आल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी दाजींनी मला खोलीत बोलावलं आणि म्हणाले, "चपला बाहेर काढ." मला वाटलं, आत देव आहेत. मी हात जोडूनच आत शिरलो. दाजी हसले नाहीत, ही त्यांची मोठी गोष्ट. जमिनीवर गुडघे टेकून बसले, इंजिनाच्या पोटात चावी घातली आणि फिरवली. कर्र, कर्र, कर्र. मग चावी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली, चालकाच्या जागेतून बाहेर आलेला बारीकसा दांडा बोटानं ओढला, आणि ते निघालं. पलंगाखाली गेलं, तिकडून त्याचा आवाज आला, कपाटामागून बाहेर पडलं, माझ्या पायाशी येऊन वळलं. वीज नाही, कोळसा नाही, कुणी ढकलत नाही. दाजींचे दोन्ही हात तर मांडीवर होते. मी विचारलं, "दाजी, आता हिला ओढतंय कोण?" ते गाडीकडं बघत म्हणाले, "मघाचा मी."

मघाचा मी. त्या वयात मला ती गंमत वाटली. दुकानात मशिनचं पायडल मारताना मी ते शब्द स्वतःशीच म्हणायचो. पुढं खऱ्या गाडीत बसलो तेव्हा, खरं सांगतो, मनातून थोडा हिरमुसलोच. केवढी मोठी होती, पण ती कुणाच्या हातानं चालली आहे ते काही केल्या दिसेना.

दाजी चष्म्याच्या काचा घासायचे. दिवसभर लोकांची नजर नीट करायची आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात जाऊन कुणाच्याच नजरेत न भरलेलं काहीतरी उचलून आणायचं. चेपलेला डबा, चाक हरवलेलं इंजिन, नुसताच एक सिग्नलचा खांब. तू दारात उभी राहून म्हणायचीस, "आणलं का आणखी एक गंजलेलं पोर? घरात पोसायला एक आहे ते पुरे नाही का?" आणि आत गेल्यावर मला हळूच विचारायचीस, "काय आणलंय रे?" त्या पत्र्याला तू सवत म्हणायचीस. "माझी सवत पत्र्याची आहे. रुसत नाही, फुगत नाही, मीठ कमी पडलं तर बोलत नाही. तिच्यापुढं माझा काय निभाव लागणार?" शेजारपाजारचे हसायचे, दाजीही हसायचे. तू मात्र दर वेळी हसायची नाहीस, हे माझ्या लक्षात यायचं.

मला त्यांनी हे सगळं शिकवलं ते शिंप्याला कळेल अशा भाषेत. जुन्या डब्यांना जोडायला कथलाचा डाग नसतो, खिळा नसतो. पत्र्याची जीभ समोरच्या खाचेतून काढून मुडपलेली असते. "तुझं काज-बटणच आहे हे," म्हणायचे. "फक्त हे बटण दोनदा काढलं तर तुटतं, म्हणून काढायच्या आधी शंभरदा विचार करायचा." रंग उडाला तर पुन्हा रंगवायचं नाही, कितीही हात शिवशिवला तरी. ज्यानं मूळ रंग दिला तो माणूस आता सापडायचा नाही, त्याच्या कामावर आपण आपलं काम चढवायचं नाही. खिडक्यांमधली माणसं पत्र्यावर छापलेली असतात ना, त्यातल्या एका डब्यात छाप जरा सरकला आहे. टोपी घातलेल्या बाईचा लाल रंग ओठांवर न बसता गालावर बसला आहे. तू बघितलंस आणि म्हणालीस, "हिला गाडी चुकेल म्हणून घाईत लाली लावावी लागली बिचारीला." त्यानंतर दाजींचा तो सगळ्यांत लाडका डबा झाला. पाहुणे आले की आधी तो दाखवायचे आणि तुझंच वाक्य म्हणून दाखवायचे. तू स्वयंपाकघरात असायचीस, तुझ्या कानावर गेलं नसेल.

आणि एक नियम होता, बाकी सगळ्यांच्या वरचा. चावी भरलेली ठेवून उठायचं नाही. भरलेली स्प्रिंग तशीच ठेवली की पोलाद थकतं, आवळून बसायची त्याला सवय लागते आणि मग ते पूर्वीसारखं कधीच उलगडत नाही. बरं, इंजिन उचलून हवेतही सोडायचं नाही. ओझं नसलं की चाकं वेड्यासारखी फिरतात आणि आतले दाते झडतात. म्हणून एकच रस्ता: एकदा चावी दिली की इंजिनाला रुळावर, डब्यांसकट, आपल्या पायांनी पळून थकू द्यायचं. ते थांबलं की मगच माणसानं उठायचं. उठताना खिशातली चावी दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची. तुझ्या त्या सगळ्या जेवणांवर, पाहुण्यांवर, निघायच्या घाईवर पाणी पडलं ते ह्या नियमानं. तू हाक मारायचीस आणि आतून यायचं, "आलो, चावी उतरू दे." तू पोरांसमोर त्यांची नक्कल करायचीस, मान तशीच वाकडी करून. "आग लागली तरी हा माणूस म्हणेल, चावी उतरू दे!" माझ्या लग्नाला निघतानाही गाडी दारात उभी होती, सगळे बसले होते आणि नवरदेवाचे मेहुणे आत चावी उतरवत होते. तू शेवटी सगळ्यांदेखत खोलीत घुसलीस आणि दंडाला धरून बाहेर आणलंस. तरीही ते मागं वळून इंजिन थांबतंय का बघत होते.

गेल्या आठवड्यात घड्याळवाले आले. दाजींचे ह्या वेडातले जोडीदार, तू ज्यांना म्हणायचीस की गुडघ्याला मलम लावून खेळायला येणारं दुसरं पोर. सगळं ते घेणार आहेत, विकायला नाही, सांभाळायला. दुकानातून अस्तराचं मऊ कापड नेलं होतं, त्यात एकेक डबा गुंडाळून खोक्यात ठेवत होतो. ते प्रत्येक वस्तू हातात घेऊन उलटसुलट करून बघायचे. मग म्हणायचे, "ही मी त्यांना दिली नव्हती बरं का, त्यांनी माझ्याकडून लाटली." फळ्या रिकाम्या झाल्या. शेवटी स्टेशनातलं इंजिन राहिलं. ते काळं ठेंगणं, चिमणीचं तोंड चेपलेलं, दाजी ज्याला म्हातारी म्हणायचे. घड्याळवाले म्हणाले, "चावी द्या जरा. गुंडाळायच्या आधी आत काही राहिलंय का बघतो, सवय आपली." मी उठून दाराजवळच्या खिळ्यावरची चावी काढून दिली. त्यांनी ती इंजिनात घातली, फिरवायला गेले आणि थांबले. पुन्हा जोर लावून बघितला. मग चावीवरचा हात काढला, विस्तव लागल्यासारखा.

"ही भरलेली आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय! पोटभर. एक दातसुद्धा पुढं जात नाही." आणि जरा वेळानं, "अहो, हा माणूस मला शिव्या घालायचा. एकदा मी चहा घ्यायला म्हणून भरलं इंजिन सोडून उठलो तर महिनाभर तोंड फिरवलं. आणि स्वतः भरलेली ठेवून उठला?"

 मी म्हटलं, चावी देताक्षणीच त्यांना झटका आला असेल, उठलेच नसतील. मलाही तेच खरं वाटलं, आणि खरं सांगतो, त्यानं मला वाईटच वाटलं. घड्याळवाल्यांनी मान हलवली, तीही अर्धवटच. हातातल्या चावीकडं बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "ही तुम्ही मला कुठून दिलीत?"

"खिळ्यावरून."

"कोणी अडकवली होती? तुम्ही?"

अक्का, मी अडकवली नव्हती. त्या दिवशी खोलीत पहिला मी आलो, तुझं जेवण झालं तरी ते बाहेर येईनात म्हणून तू मला बोलावलंस तेव्हा. दाजी इंजिनाजवळ नव्हते. दाराजवळ होते, डोकं उंबऱ्याकडं. मला त्यात तेव्हा काही वेगळं दिसलं नाही, कारण त्या खोलीत ते कायम जमिनीवरच असायचे, कधी ह्या कोपऱ्यात रांगत, कधी त्या. तू पण तेच धरून चाललीस की खेळता खेळता गेले. पण खेळताना गेले असते तर चावी त्यांच्या खिशात असती. ती खिळ्यावर होती. म्हणजे त्यांनी चावी दिली, इंजिन काठोकाठ भरलं, बोट दांड्यावर ठेवलं असेल, आणि तेवढ्यात तुझी हाक आली. त्यांनी दांडा ओढला नाही. चावी काढली, उठले, खोली ओलांडून दारापर्यंत चालत आले, नेहमीसारखी चावी खिळ्याला अडकवली. आणि तिथं, उंबऱ्यापाशी, थांबले.

"आलो, चावी उतरू दे" असं तुला ऐकू आलं नाही ना? अगं, ते म्हणायचे कशाला? थांब म्हणायचं असतं तेव्हा माणूस ओरडतो. ते तर तुझ्याकडंच यायला निघाले होते. इतकी वर्षं ज्या नियमापायी तुझं जेवण गार झालं, तो नियम त्यांनी त्या दुपारी मोडला. का मोडला हे मला माहीत नाही. भूक लागली असेल. छातीत काहीतरी होत असेल आणि तुझ्याजवळ यावंसं वाटलं असेल. किंवा काहीच नसेल, तुझ्या आवाजात त्या दिवशी काहीतरी असेल. ते मी ठरवणार नाही. पण एवढं मी देवाला साक्ष ठेवून सांगतो की तुझी हाक ऐकून ते उठले होते. पहिल्याच हाकेला.

घड्याळवाल्यांनी डोळे पुसले आणि स्वतःलाच रागावले, तेलाचा हात डोळ्याला लागला म्हणून. मग म्हणाले, "मी पुढच्या सुट्टीला येतो आणि हळूच सोडून देतो. असं ठेवलं तर म्हातारी कामातून जाईल." मी नको म्हटलं. म्हटलं, हिला तुम्हीही हात लावायचा नाही आणि मीही. ते खोकी घेऊन गेले. रूळ, स्टेशन, चार डबे आणि ते इंजिन तेवढं राहिलं आहे.

तेव्हापासून रोज दुपारी दुकान बंद केलं की मी जेवायला घरी जायच्या आधी तिथं जाऊन बसतो. करत काहीच नाही. समोर बसतो. तुझी भावजय म्हणते, "दाजींची गादी तुम्ही चालवणार वाटतं." मी तिला सगळं सांगितलं तेव्हा तीही एकदा आली, पदर सावरून बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही, हे तिच्या बाबतीत किती मोठं आहे ते तुला कळेल.

मी इंजिनाला कान लावून बघितला. काही ऐकू येत नाही. बाहेरून बघावं तर थंड पत्रा, चेपलेली चिमणी. आणि आत, ह्या एवढ्याशा पोटात, दाजींच्या मनगटाचा जोर गुंडाळून ठेवलेला आहे. त्यांच्यासारखा नाही, त्यांची आठवण नाही, तोच. त्या दुपारी त्यांच्या दंडातून निघाला, बोटांतून चावीत आला, चावीतून पोलादात, आणि तिथं येऊन थांबला आहे. अंगातून निघालेला जोर अंग गेल्यावरही कुठंतरी बसून राहू शकतो, हे आयुष्यभर पायडल मारूनही मला माहीत नव्हतं. कपाटात त्यांचे सदरे आहेत, त्यातले निम्मे मीच शिवलेले. भिंतीवर फोटो आहे. पण सदरे घालून झालेले आहेत, फोटो काढून झालेला आहे. माणसामागं जे उरतं ते सगळं होऊन गेलेलं असतं. हे एकच असं आहे जे अजून व्हायचं आहे. दाजींच्या हातून अजून एक गाडी सुटायची आहे.

रोज सकाळी मी डोळे मिटून बसतो तेव्हा देवाकडं फार काही मागत नाही, तुला माहीत आहे. जे चाललं आहे त्यामागं कुणाचा तरी हात आहे असं मी लहानपणापासून धरून चाललो. पण धरून चालणं वेगळं आणि समोर बसून बघणं वेगळं. हे काही कीर्तनात सांगायला बरं म्हणून लिहीत नाही. मला तसं सांगता येत नाही आणि सांगितलं तर माझंच मला खोटं वाटेल. मी फक्त एवढंच म्हणतो की त्या खोलीत बसल्यावर माझ्या अंगावर काटा येतो, आणि तो भीतीचा नाही. त्या पहिल्या दिवशी मी हात जोडून आत गेलो होतो. आता इतक्या वर्षांनी मला वाटतं, तेव्हा मी काही चुकलो नव्हतो.

तुला हे सांगण्याची मला घाई नव्हती. तू पुढं कधीतरी येशील, तेव्हा हात धरून खोलीत नेईन आणि दाखवीन, असं मी ठरवलं होतं. तू लवकर आली नाहीस तरी चालेल, तोवर म्हातारी तशीच उभी राहील, असंही मनाला समजावलं होतं. पण आज दुपारी गेलो तर इंजिन जागेवर नव्हतं. म्हणजे होतं, पण स्टेशनच्या पाटीच्या पुढं बोटभर सरकलेलं. डबेही तेवढेच मागोमाग आले होते. खोलीला कुलूप, खिडकी बंद. मी घड्याळवाल्यांना बोलावून आणलं. त्यांनी वाकून बघितलं, हात लावला नाही. म्हणाले, दांड्याचा दात झिजला आहे, आतला जोर त्याला रेटतो आहे. आज बोटभर, उद्या किती ते सांगता येत नाही, आणि एखाद्या दिवशी कुणी नसताना तो दात सुटेल आणि गाडी एकटीच फिरून येऊन थांबेल. मला ते सहन होणार नाही, अक्का. त्या बंद खोलीत, कुणी बघायला नसताना, नको. म्हणून हे पत्र आजच टाकतो आहे. तू ये. सोडायची की नाही ते तू ठरव. नको वाटलं तर नुसती समोर बस, जेवढा वेळ ती थांबेल तेवढा. मी बाहेर उभा राहीन, आत येणार नाही. रूळ मी कोरड्या फडक्यानं पुसून ठेवले आहेत आणि पलंगाखालचा सांधा घट्ट केला आहे, गाडी कुठं अडकणार नाही. दांडा चालकाच्या जागेतून डावीकडं बाहेर आलेला आहे. तो स्वतःकडं ओढायचा असतो. जरा जड लागेल, पण तुझ्या बोटाला झेपेल.

तुझाच,
धाकटा